रस्त्यालाहि जात असते

आपल्या देशांत माणसाला जात आहे, पाणवठ्याला जात आहे, स्मशानालाहि जात आहे, हें कोणीं नव्यानें सांगावयास नको. पण रस्त्यालाहि जात असते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. रस्ता सर्वांचा, त्यावरून राव जातो आणि रंकहि जातो, असें आपण ऐकत आलों. सरकारी दप्तर उघडून पाहिलें म्हणजे निराळेंच दिसतें. १९४३ सालीं नागपुरास मुख्य इंजिनिअरांची परिषद भरली आणि तिनें देशांतल्या रस्त्यांची प्रतवारी ठरविली. सर्वांच्या वर राष्ट्रीय महामार्ग. त्याखालीं प्रांतिक महामार्ग, म्हणजे आजचा राज्यमार्ग. त्याखालीं प्रमुख जिल्हा मार्ग. मग इतर जिल्हा मार्ग. आणि सर्वांच्या पायथ्याशीं ग्राममार्ग. माणसांचे वर्ण चारच होते, रस्त्यांचे पांच झाले! वरच्यांस रुंदी, काँक्रीट, पूल आणि चकचकीत पाट्या. खालच्यास मुरूम, आणि तोहि निवडणुकीच्या सालीं. ज्या पाणंदीनें शेतकऱ्याची बैलगाडी शिवारांत जाते ती तर या पांचांतहि बसत नाहीं. ती वर्णाबाहेरची.

माणसाची जात जन्मानें चिकटते ती मेल्यावरहि सुटत नाहीं. रस्त्याची मात्र सरकारी हुकुमानें बदलते. जिल्हा मार्गाचा राज्यमार्ग होतो, राज्यमार्गाचा राष्ट्रीय महामार्ग होतो, आणि अशी बढती झाली कीं पुढारी नारळ फोडतात व गांवोगांव पेढे वाटतात. या बढतीनें रस्त्याचें काय होतें तें सर्वांस दिसतें. रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या रयतेचें काय होतें तें आज आम्ही सांगणार आहों. हवेंत बोलणें नको म्हणून एकच रस्ता घेतों. तो रस्ता गुहागर ते विजापूर.

हा रस्ता गुहागरास समुद्राच्या कांठीं सुरू होतो. चिपळुणास मुंबई-गोवा महामार्ग ओलांडून पोफळीवरून कुंभार्ली घाट चढतो. घाटमाथ्यावरून हेळवाक, कोयनानगर, पाटण असा कोयनेच्या कांठाकांठानें कऱ्हाडास येतो. तेथें कोयना कृष्णेला मिळते आणि हा रस्ता पुणें-बंगळूर महामार्गाला छेदतो. पुढें कृष्णा ओलांडून ओगलेवाडी, सुर्ली घाट, कडेगांव, विटें, खानापूर, भिवघाट, नागज, जत अशीं ठिकाणें घेत तो विजापुरास जातो. सुमारें तीनशें किलोमीटरांची ही वाट. रत्नागिरी, सातारा आणि सांगली हे तीन जिल्हे ओलांडून ती कर्नाटकांत शिरते. कित्येक वर्षें हा राज्यमार्ग होता. अलीकडे त्याची बढती होऊन तो राष्ट्रीय महामार्ग १६६ ई झाला आहे.

एवढ्या वाटेंत देश किती बदलतो पहा. कोयनानगराच्या आसपास वर्षाला चार-पांच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. जतेस पांचशें मिलिमीटर पडला तर शेतकरी देवाचे आभार मानतो. एका टोंकाला भात, आंबा आणि नारळ; मध्यें कृष्णाकांठचा ऊस; पुढें ज्वारी, बाजरी आणि कोरडी विहीर. पाण्यानें बुडालेला आणि पाण्यावांचून वाळलेला, असे दोन्ही मराठी शेतकरी एकाच रस्त्यावर राहतात. त्यांची एकमेकांशीं ओळख मात्र नाहीं.

आतां या रस्त्याचा इतिहास पहा. समुद्र आणि देश यांच्यामध्यें सह्याद्रीची भिंत उभी आहे. ती चढण्याच्या वाटा कोणत्या राजानें आंखल्या नाहींत, इंजिनिअरानेंहि नाहींत. गुरांमागें हिंडणारे धनगर आणि गवळी, डोक्यावर ओझें घेऊन घाट चढणारे कुणबी, बैलांचे तांडे हांकणारे लमाण आणि वंजारी यांच्या पायांनीं त्या मळल्या. दाभोळच्या खाडींतून वाशिष्ठीनें चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत गलबतें येत. तेथून मीठ, नारळ, सुकी मासळी वर चढे आणि देशावरचें धान्य, गूळ, मिरची खालीं उतरे. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी अमदानींत या वाटेचा गाडीरस्ता झाला. पुढें १८९० च्या सुमारास पुण्याहून मिरजेकडे जाणारी रेल्वे कऱ्हाडवरून गेली. देशावरचा माल रुळांवरून मुंबईस जाऊं लागला आणि चिपळूणच्या बंदराचें तेज ओसरलें. माल गेला तरी रस्ता राहिला, आणि रस्त्यानें माणसें जाऊं लागलीं.

पण मुद्द्याचा प्रश्न हा कीं या रस्त्यांस पैसा कोणाचा लागला? पुष्कळांचा असा समज आहे कीं साहेबानें आपल्या खिशांतून रस्ते बांधून दिले. ही शुद्ध थाप आहे. १८६३ पासून मुंबई इलाख्यांत जमीनसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा जादा पट्टी बसविण्यास सुरुवात झाली. १८६९ च्या कायद्यानें ती पक्की केली. हाच तो लोकल फंड. त्यांतला दोनतृतीयांश भाग रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामांस आणि एकतृतीयांश शाळांस, अशी वांटणी होती. सारा भरणारा कोण? नांगर धरणारा शेतकरी. म्हणजे कुणबी, माळी, धनगर यांनीं साऱ्यावर सोळावा हिस्सा अधिक भरला तेव्हां रस्त्यावर खडी पडली. त्यावर पुन्हां १८७५ च्या कायद्यानें रस्त्यांवर व पुलांवर टोल घेण्याची सोय झाली. पट्टी देऊन रस्ता करायचा आणि त्याच रस्त्यानें आपलाच माल बाजारांत नेतांना पुन्हां नाक्यावर पैसे मोजायचे! टोल ही आजची कल्पना आहे असें समजणाऱ्यांनीं हें साल ध्यानांत ठेवावें.

जोतीराव फुले यांस हा हिशेब चांगला ठाऊक होता, कारण ते बांधकामाच्या धंद्यांत स्वतः वावरलेले गृहस्थ. त्यांच्या कंपनीनें पुणें-सातारा रस्त्यावरच्या कात्रजच्या बोगद्याचें आणि येरवड्याच्या पुलाचें काम केलें. खडी कोण फोडतो, मजुराच्या हातावर काय पडतें आणि मधल्या मधें काय गळतें, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें होतें. सरकारची तिजोरी शेतकऱ्याच्या घामानें भरते आणि तिचा लाभ वरचे वर्ग घेतात, असें त्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें शिक्षणाविषयीं स्पष्ट सांगितलें. जें शाळेस लागू तेंच रस्त्यास लागू. आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, हा न्याय आमच्याकडे जुनाच आहे.

पैशाचें झालें, आतां हातांचें पहा. कऱ्हाडच्या पूर्वेला पाऊस पाठ फिरवूं लागतो. दुष्काळ पडला कीं या बाजूच्या रयतेस सरकारनें एकच काम दिलें: खडी फोडा आणि रस्ता करा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत दख्खनभर अशीं कामें निघालीं. सर रिचर्ड टेंपल यांनीं तेथील मजुरी घटवून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ चिल्लर एवढ्यावर आणली, तेव्हां १८७७ च्या आरंभीं हजारों उपाशी मजुरांनीं कामें सोडून दिलीं. पोट रिकामें असतां संप करणारे ते लोक! पुढें १९७२ च्या दुष्काळांत तेंच दृश्य पुन्हां दिसलें. बायाबापड्या तान्ह्या पोरांना झाडाखालीं निजवून हातोडीनें दगड फोडीत होत्या. त्या काळच्या रोजगार हमी योजनेची कल्पना ज्यांची, ते वि. स. पागे याच सांगली जिल्ह्यांतल्या तासगांव तालुक्याचे. त्या योजनेस १९७७ सालीं कायद्याचें रूप मिळालें, आणि २००५ सालीं अख्ख्या देशासाठीं केलेल्या रोजगार हमी कायद्यानें तिचाच कित्ता गिरविला. माणदेशाच्या आणि जतेच्या बाजूच्या रस्त्यांखालीं अशा हातांनीं फोडलेली खडी आहे. वडार, बेलदार, महार, मांग, मराठा, धनगर, सर्वांच्या हातांचे फोड त्यांत आहेत. कोनशिला मात्र मंत्र्याच्या नांवाची.

तर पट्टी रयतेची, घाम रयतेचा. मग रस्त्यावर सत्ता कोणाची? येथें बढतीची गोष्ट सुरू होते.

१८८४ च्या कायद्यानें जिल्हा व तालुका लोकल बोर्डें झालीं आणि त्यांत कांहीं सभासद लोकांनीं निवडून द्यावेत असें ठरलें. १९२३ च्या कायद्यानें बोर्डांत लोकनियुक्तांचा जोर वाढला. सातारा जिल्ह्यांत ब्राह्मणेतर पक्षानें याच वाटेनें सत्तेंत पाय रोवला. पुढें १९३७ सालीं मुंबई इलाख्याचे पहिले पंतप्रधान झालेले धनजीशा कूपर हे साताऱ्याच्या लोकल बोर्डांतूनच वर आले. आमच्या बापजाद्यांनीं बोर्डासाठीं एवढी धडपड कां केली? बोर्डाच्या हातीं दोनच मोठीं खातीं होतीं, शाळा आणि रस्ते. शाळेनें पोरगा शहाणा होतो आणि रस्त्यानें तो गांवाबाहेर पाऊल टाकतो. ज्याच्या हातीं हीं दोन खातीं त्याच्या हातीं खेड्याचें नशीब, हें त्या अल्पशिक्षित माणसांनीं ओळखलें होतें. बोर्डाचा सभासद आठवड्याच्या बाजारांत भेटे. मोरी फुटली तर शेतकरी त्याचा सदरा धरून विचारी, "पाटील, आमच्या मोरीचें काय?" त्याला उत्तर द्यावें लागे, कारण पुढच्या बाजारीं पुन्हां तोच शेतकरी समोर उभा.

१ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा आल्या. त्या आणणारे यशवंतराव चव्हाण याच रस्त्याच्या मुलखांतले. जन्म कडेगांवजवळच्या देवराष्ट्रें गांवीं, शिक्षण आणि कर्मभूमि कऱ्हाड. ग्राममार्ग आणि बहुतेक जिल्हा मार्ग परिषदांकडे आले. पण राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा. त्याच्या मोरीसाठीं जिल्हा परिषदेच्या सभासदाचा सदरा धरून उपयोग नाहीं. तालुक्याच्या उपअभियंत्याकडे जा, आमदाराकडे जा, मुंबईस जा. तरी मुंबई म्हणजे आपलीच माणसें, एस. टी. नें एका रात्रींत पोंचतां येतें. आतां रस्ता राष्ट्रीय झाला. बांधकाम खात्याचीच राष्ट्रीय महामार्गाची शाखा निराळी, तिचें कार्यालय निराळें, पैसा दिल्लीचा, नकाशा दिल्लीच्या मंजुरीचा, ठेकेदार परमुलखांतला. काम रखडलें, धुळीनें पीक माखलें, गटार अर्धवट राहून पावसाचें पाणी घरांत शिरलें, तर ग्रामपंचायत म्हणते आमच्या हातीं नाहीं, जिल्हा परिषद म्हणते आमच्या हातीं नाहीं, राज्याचें खातें म्हणतें दिल्लीला लिहिलें आहे. रस्ता एक पायरी वर चढला कीं जाब देणारा माणूस शंभर कोस दूर जातो. रस्त्याची बढती ती रयतेची पायउतार, ती ही अशी.

हें आम्ही रागानें बोलत नाहीं, कायदा पाहून बोलतों. राष्ट्रीय महामार्गासाठीं जमीन घ्यावयाची तर १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा लागतो. त्याप्रमाणें केंद्र सरकार प्रथम राजपत्रांत आपला इरादा जाहीर करतें आणि त्याचा मजकूर दोन वर्तमानपत्रांत, त्यांतल्या एकांत देशी भाषेंत, छापला जातो. राजपत्रांतल्या जाहिरातीपासून एकवीस दिवसांच्या आंत हरकत घ्यावयाची. एकवीस दिवस! जतेच्या पूर्वेकडच्या वस्तीवर वर्तमानपत्र पोंचतें कधीं, त्यांत बारीक टाइपांत गट नंबर छापले आहेत हें कळतें कधीं, आणि तालुक्याच्या वकिलाकडे माणूस जातो कधीं? तोंवर मुदत संपते. पुढची जाहिरात निघाली कीं जमीन केंद्र सरकारची झाली, सर्व बोजांतून मुक्त. मोबदला पटला नाहीं तर लवादाकडे जा. तो लवाद नेमतें केंद्र सरकारच. १ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याचे मोबदल्याचे नियम या जमिनींनाहि लागू झाले, हें खरें आणि तें चांगलें झालें. पण त्याच नव्या कायद्यांत संपादनापूर्वीं गांवावर काय परिणाम होईल याची चौकशी करण्याची जी तरतूद आहे, ती महामार्गास लागू नाहीं. पैसे मोजूं, पण तुम्हांस विचारणार नाहीं, असा याचा सरळ अर्थ.

एवढ्यानें भागत नाहीं. २००२ च्या दुसऱ्या एका कायद्यानें राष्ट्रीय महामार्गाच्या हद्दींतल्या जमिनीवर आणि रहदारीवर केंद्राच्या अधिकाऱ्यांची सत्ता आली. महामार्गाला आपल्या शेताची वा वस्तीची वाट जोडावयाची तर परवानगी पाहिजे. कडेला उसाचा रस, भुईमुगाच्या शेंगा किंवा चहा विकणारी म्हातारी तेथें बेकायदेशीर ठरते. पूर्वीं ती राज्यमार्गाच्या कडेला बसे तेव्हांहि तिला कागदोपत्रीं हक्क नव्हता. पण तिला उठविणारा माणूस ओळखीचा असे आणि त्याच्याशीं भांडतां येई.

आतां रस्त्यानें आजवर काय नेलें आणि काय आणलें त्याचा ताळेबंद मांडूं. पाटण तालुक्यांतून त्यानें माणसें मुंबईस नेलीं; ओझीं वाहून त्यांच्या पाठी वांकल्या. त्यांच्यांतलेच अण्णासाहेब पाटील, पाटण तालुक्याचे, यांनीं माथाडींना उभें केलें आणि १९६९ सालीं माथाडी कायदा झाला. विटें-खानापूरकडून सोनें-चांदी गाळणारे गलाई कारागीर देशाच्या कानाकोपऱ्यांत गेले. जतेहून ऊसतोडीच्या टोळ्या दर दिवाळीच्या सुमारास संसार गाडींत टाकून कारखान्यांकडे निघतात. चिपळूण-गुहागरचा कुणबी तर मुंबईचा चाकरमानीच झाला. चार तालुक्यांचे चार धंदे, पण गोष्ट एकच: या रस्त्यानें कर्तीं माणसें बाहेर गेलीं आणि घरीं म्हातारीं व मनिऑर्डर राहिली.

आणि कोयनेचें काय? धरणासाठीं खोऱ्यांतलीं गांवें उठलीं आणि त्यांतलीं कांहीं माणसें याच रस्त्यानें खालच्या जिल्ह्यांत विखुरलीं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहांटे कोयनानगरच्या भूकंपांत दीडशेंहून अधिक जीव गेले. धरणाचें पाणी डोंगर पोखरून पश्चिमेस पोफळीकडे नेलें जातें आणि त्यावर वीज होते. सर्व टप्पे मिळून सुमारें १९६० मेगावॉट. कृष्णा लवादानें त्यासाठीं वर्षाला साडेसदुसष्ट टी.एम.सी. पाण्याची मर्यादा घातली आहे. तें पाणी वाशिष्ठींतून समुद्रास जातें. इकडे पूर्वेला कऱ्हाडजवळ टेंभूस कृष्णेचें पाणी विजेच्या पंपांनीं उपसून कडेगांव-खानापूर-आटपाडीकडे चढवितात. पाणी पश्चिमेला खालीं सोडून वीज करायची आणि त्याच विजेनें पूर्वेला पाणी वर ओढायचें! जतेच्या सीमेवरील गांवांनीं तर २०२२ सालीं पाण्यासाठीं कर्नाटकाकडे तोंड वळविलें, तेव्हां कोठें मुंबईस जाग आली. प्रकल्पग्रस्तांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढ्या जमिनीच्या हक्कासाठीं अजून धरणें धरतात. धरणाच्या कामाचा माल रस्त्यानें गेला, मंत्र्यांच्या गाड्या गेल्या. रस्त्याच्या कडेच्या माणसांचा प्रश्न तेथेंच थांबला.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टींत चिपळूण पाण्याखालीं गेलें आणि पाटण तालुक्यांत आंबेघर, मिरगांव, ढोकावळें येथें डोंगर कोसळून घरें गाडलीं गेलीं. अशा वेळीं कळतें कीं मनुष्याचा जीव महामार्गावर अवलंबून नसतो. महामार्गापासून त्याच्या वाडीपर्यंत जी शेवटची वाट असते तिच्यावर असतो. ती वाट ग्राममार्ग. पांच वर्णांतला शेवटचा. २००० सालच्या डिसेंबरांत प्रधानमंत्री ग्रामसडक योजना निघाली, तिनें पुष्कळ खेडीं जोडलीं हें नाकारतां येत नाहीं. पण तिची मोजणी लोकसंख्येवर. सपाटीवर पांचशें डोकीं, डोंगराळ भागांत अडीचशें. सह्याद्रीच्या माथ्यावर वीस घरांचा धनगरवाडा असेल तर त्यानें काय करावें? तेथून आजारी माणूस, अडलेली बाई झोळींत घालून मैलोगणती खालीं आणावी लागल्याच्या बातम्या अजूनहि येतात. ज्यांच्या पूर्वजांच्या पायांनीं घाटाची वाट पडली, त्यांच्या वाडीला वाट नाहीं!

कोणी म्हणेल, "मग तुम्हांस काँक्रीटचा रस्ता नको काय? खड्ड्यांतच राहावयाचें काय?" असा प्रश्न विचारणारे बहुधा मोटारीनें जाणारे असतात, तरी उत्तर देतों. चांगला रस्ता आम्हांस पाहिजे, इतरांहून अधिक पाहिजे. पाटणचा भाजीवाला, विट्याचा द्राक्षबागाईतदार आणि जतेचा डाळिंबवाला यांचा माल खड्ड्यांत नासतो. घाटांत अडकलेल्या रुग्णवाहिकेंतला रोगी आमचाच असतो. रस्ता रुंद व्हावा, घाट सुरक्षित व्हावा. पण त्याची रुंदी ठरवितांना ज्याचें शेत जातें त्याला विचारा; पूल बांधतांना शाळेंतल्या पोरींनीं पलीकडे कोठून जावें तें आधीं ठरवा; गांवाला वळसा घालतांना एस. टी. चा थांबा कोठें राहील तें सांगा. १ जून १९४८ रोजीं नगर-पुणें मार्गावर पहिली सरकारी एस. टी. धांवली. तेव्हांपासून खेड्यांतल्या मुलामुलींचें शिक्षण तिच्या पायरीवर उभें आहे. ज्या महामार्गावर एस. टी. थांबत नाहीं तो महामार्ग त्या गांवाचा नव्हे, गांव फक्त त्याच्या कडेचें.

आणि रयतेनें आवाज काढला तर दिल्लीलाहि ऐकूं येतें, याचे दाखले आहेत. नागजजवळ ज्या रत्नागिरी-नागपूर महामार्गाला आपला रस्ता मिळतो, त्याच्याच वाटेवर मिरज तालुक्यांत भोसें गांवीं जुना प्रचंड वड रुंदीकरणांत तोडला जाणार होता. २०२० सालीं लोक झाडाभोंवतीं जमले, गवगवा झाला आणि रस्त्याची आंखणी बदलून त्या वेळीं तो वड वांचला. कोल्हापुरांत लोकांनीं वर्षानुवर्षें चळवळ केली आणि २०१५ सालीं शहरांतला टोल उखडला गेला. त्या लढ्यांत प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे म्हातारे पुढारी उन्हांत उभे होते. एका झाडासाठीं आणि एका नाक्यासाठीं जें झालें, तें तीनशें किलोमीटरांच्या गांवांना कां होऊं नये?

म्हणून आमचें सांगणें असें आहे. या रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक ग्रामपंचायतीनें महामार्गाची आपल्या शिवारांतली हद्द, घेतलेले गट नंबर आणि मंजूर नकाशा यांच्या नकला माहितीच्या अधिकारांत मागवून चावडीवर टांगाव्या. ज्याचें दोन गुंठे गेले त्याला तें नकाशांत बोटानें दाखवितां आलें पाहिजे. जमिनीची जाहिरात निघाली कीं ती ग्रामसभेंत मोठ्यानें वाचली जावी आणि एकवीस दिवसांच्या आंत हरकती लेखी जाव्या. ज्याला लिहितां येतें त्यानें शेजाऱ्याचा अर्ज लिहून द्यावा. थांबा, गटार, ओलांडण्याची जागा, नवीं झाडें, यांचे ठराव प्रत्येक गांवानें करून एकत्र पाठवावेत, कारण एका गांवाचा अर्ज टोपलींत जातो, शंभर गांवांचा जात नाहीं. गुहागरचा कुणबी आणि जतेचा धनगर यांनीं एकाच कागदावर सही केली, असा दिवस या रस्त्यानें अजून पाहिलेला नाहीं.

दुसरें सांगणें खालच्या वर्णाच्या रस्त्यांविषयीं. महामार्गाच्या कौतुकांत आपली पाणंद विसरूं नका. २०२१ सालीं राज्य सरकारनें शेत-पाणंद रस्त्यांसाठीं मातोश्रींच्या नांवानें योजना काढली. तिच्यांत आपल्या गांवाची किती पाणंद झाली याचा हिशेब ग्रामसभेंत विचारा. शेताची चालू वाट कोणीं अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यानें तहसीलदार ती मोकळी करूं शकतो. नवी वाट पाहिजे असेल तर जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमानें बांधावरून मागतां येते. हे कायदे आपल्या बाजूचे आहेत, पण ते कपाटांत पडून आहेत. भाऊबंदकींत कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षां दोन्ही भाऊ एकत्र बसून चार हात वाट सोडतील तर त्याहून चांगलें. दुसऱ्यानें आपल्याला वाट द्यावी असें म्हणणाऱ्यानें प्रथम आपल्या बांधावरून शेजाऱ्याला वाट द्यावी.

आणि निवडून दिलेल्यांस एवढेंच विचारतों: महामार्गाच्या एका किलोमीटराला जो पैसा लागतो, त्यांत किती धनगरवाड्यांच्या वाटा होतील याचा हिशेब एकदां सभागृहांत मांडाल काय? मांडला तर पांच वर्णांचा निकाल लागेल. मांडला नाहीं तर रयत तुमचा हिशेब मांडील.

रस्ता सरकारनें दिला, असें पुढें कोणी म्हणाला तर त्याला एक आण्याच्या पट्टीची आणि दुष्काळांतल्या खडीची आठवण द्या. रस्ता आपणच केला आहे. आतां त्याच्यावरचा आपला शब्द परत मिळवावयाचा आहे. त्याची सुरुवात येत्या ग्रामसभेंत हात वर करून होऊं द्या.